जीवाणूंच्या पृष्ठभागावरील लायपोपॉलिसॅकराइड : रासायनिक घडण आणि तिचे परिणाम

प्रस्तावना

पदवी वर्गाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात व जीवरसायनशास्त्रात लायपोपॉलिसॅकराइड या रेणूला साधारणपणे एक आकृती आणि चार ओळी एवढीच जागा मिळते. 'हा रेणू ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्यपटलात असतो, तो अंतर्विष आहे, तो उष्णतेने नष्ट होत नाही, जीवाणू मेल्यावर तो बाहेर पडतो' ही वाक्ये विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. ती बहुतांशी बरोबर आहेत. परंतु ती का बरोबर आहेत, हे रेणूची रासायनिक घडण समजल्याशिवाय उलगडत नाही.

हा विषय केवळ पुस्तकी नाही. पूर्णपणे निर्जंतुक केलेले सलाईन लावल्यावरही एखाद्या रुग्णाला हुडहुडी भरून ताप का येऊ शकतो? विडाल चाचणीच्या अहवालातील 'टीओ' म्हणजे नेमके काय, आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावे? अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून दिले जाणारे कोलिस्टिन काही जीवाणूंपुढे निष्प्रभ का ठरते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच रेणूच्या निरनिराळ्या भागांत दडलेली आहेत. प्रस्तुत लेखात लायपोपॉलिसॅकराइडचे, म्हणजेच एलपीएसचे, घटक क्रमाने पाहून प्रत्येक घटकाचा प्रत्यक्ष परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. शोधाची पार्श्वभूमी

१८८४ मध्ये डॅनिश वैद्य हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी जीवाणू रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि जीवाणूंचे ग्रॅम-धन व ग्रॅम-ऋण असे दोन मोठे गट पडले. त्या काळात घटसर्प व धनुर्वात यांच्या जीवाणूंची विषे पेशीबाहेर स्रवतात हे कळू लागले होते. १८९२ च्या सुमारास बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करणारे रिचर्ड फायफर यांना कॉलऱ्याच्या जीवाणूबाबत वेगळीच गोष्ट आढळली. उष्णतेने मारलेले जीवाणू टोचले तरी गिनीपिग मरत. म्हणजे हे विष स्रवणारे नसून जीवाणूच्या शरीराचाच भाग होते आणि ते उष्णतेला दाद देत नव्हते. यावरूनच 'एन्डोटॉक्सिन', म्हणजे अंतर्विष, ही संकल्पना रूढ झाली.

येथे एक बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. कॉलऱ्यातील जुलाब या अंतर्विषामुळे होत नाहीत. ते पेशीबाहेर स्रवणाऱ्या एका प्रथिनविषामुळे होतात, हे कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ज्या जीवाणूवरून अंतर्विषाची कल्पना पुढे आली, त्याच जीवाणूचा मुख्य रोग बहिर्विषाने होतो.

१९२३ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी इंजेक्शननंतर येणाऱ्या तापाचे कारण शोधले. ऊर्ध्वपातित पाण्यात शिरलेल्या जीवाणूंची उत्पादिते त्याला कारणीभूत होती. ते पाणी नंतर निर्जंतुक केले तरी ताप येतच असे. १९३० च्या दशकात आंद्रे बोइव्हँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल वापरून हे द्रव्य वेगळे केले. शुद्ध स्वरूपात एलपीएस मिळविण्याची पद्धत मात्र जर्मनीतील ओटो वेस्टफाल व ओटो ल्यूडरिट्झ यांनी १९५२ मध्ये दिली. गरम फिनॉल व पाणी यांच्या मिश्रणात जीवाणू ढवळून थंड केले की दोन थर पडतात. प्रथिने फिनॉलच्या थरात जातात, तर एलपीएस पाण्याच्या थरात उतरते. ही पद्धत आजही वापरात आहे. १९५४ मध्ये याच शास्त्रज्ञांनी रेणूच्या मेदयुक्त भागाला 'लिपिड ए' हे नाव दिले.

२. रेणूचे स्थान

ग्रॅम-ऋण जीवाणूला दोन पटले असतात. आतील पटल सर्वसामान्य फॉस्फोलिपिडांचे असते. त्याच्या बाहेर पेप्टिडोग्लायकनचा पातळ थर आणि त्याहीबाहेर दुसरे पटल असते. या बाह्यपटलाचे दोन पदर सारखे नसतात. आतला पदर फॉस्फोलिपिडांचा, तर बाहेरचा पदर मुख्यतः एलपीएसचा असतो. ई. कोलायच्या एका पेशीवर एलपीएसचे सुमारे दहा लाख रेणू असतात आणि पेशीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग ते व्यापतात.

या रेणूंवर फॉस्फेटचे ऋण भार असतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, पण मॅग्नेशियम व कॅल्शियमचे द्विसंयुजी आयन दोन रेणूंच्या फॉस्फेटांमध्ये बसून त्यांना सांधून ठेवतात. विटांच्या भिंतीत चुन्याचे जे काम, तेच येथे या आयनांचे. त्यातच मेदाम्लांच्या साखळ्या संतृप्त असल्याने त्या दाटीने बसतात. त्यामुळे पित्तक्षार, अपमार्जके आणि अनेक जलद्वेष्टी प्रतिजैविके यांना आत शिरणे कठीण जाते. मॅकॉन्की अगारवर पित्तक्षार व क्रिस्टल व्हायोलेट असूनही ई. कोलाय वाढतो आणि स्टॅफिलोकोकस सहसा वाढत नाही, त्याचे कारण हेच. उलट ईडीटीए मिसळले की ते हे आयन काढून घेते, सांधा सुटतो आणि पटल सैल पडते.

३. लिपिड ए : विषारीपणाचे मूळ

एलपीएसचे तीन भाग मानले जातात : पटलात रुतलेला लिपिड ए, त्याला जोडलेला शर्करांचा गाभा, आणि सर्वांत बाहेर लोंबणारी ओ-साखळी.

ई. कोलायच्या लिपिड ए मध्ये ग्लुकोसामाइन शर्करेचे दोन रेणू बीटा १-६ बंधाने जोडलेले असतात. या जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक फॉस्फेट असतो. शर्करांवर चौदा कार्बनी ३-हायड्रॉक्सिमिरिस्टिक आम्लाचे चार रेणू थेट जोडलेले असतात. त्यांपैकी दोन अमाइड बंधाने आणि दोन एस्टर बंधाने. यातील दोन साखळ्यांच्या हायड्रॉक्सिल गटांवर आणखी एकेक मेदाम्ल बसते : एकावर बारा कार्बनी लॉरिक आम्ल, दुसऱ्यावर चौदा कार्बनी मिरिस्टिक आम्ल. अशा एकूण सहा साखळ्या होतात.

ही रचना १९८३ पर्यंत नक्की झाली. परंतु ताप आणणारा गुण खरोखर याच रेणूचा आहे की त्यात राहिलेल्या एखाद्या अशुद्ध द्रव्याचा, ही शंका उरली होती. १९८५ मध्ये जपानमधील ओसाका येथील शास्त्रज्ञांनी ई. कोलायचा लिपिड ए प्रयोगशाळेत संश्लेषणाने तयार केला. जीवाणूशी काहीही संबंध न आलेल्या या पदार्थाने नैसर्गिक अंतर्विषाचेच परिणाम दाखविले आणि शंका मिटली.

आता उष्णतेचा मुद्दा. प्रथिनविषाचा प्रभाव त्याच्या घडीवर अवलंबून असतो. उकळल्यावर घडी उलगडते आणि विष निकामी होते. लिपिड ए मध्ये अशी उलगडण्याजोगी घडी नाही, तेथे केवळ सहसंयुजी बंध आहेत. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश सेल्सिअस तापमानाला जीवाणू मरतात, पण हे बंध बहुतांशी टिकतात. म्हणून काचेची उपकरणे अंतर्विषमुक्त करण्यासाठी कोरड्या उष्णतेच्या भट्टीत सुमारे २५० अंश तापमानाला ३० मिनिटे ठेवावी लागतात. 'निर्जंतुक' आणि 'ज्वरजनकमुक्त' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. प्रयोगशाळेत किंवा औषधनिर्मितीत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद पक्का ठाऊक असला पाहिजे, कारण तो न कळल्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

४. शरीर या रेणूला कसे ओळखते

लिपिड ए स्वतः पेशी जाळत नाही किंवा फोडत नाही. त्याचा बहुतांश अपाय शरीराच्या स्वतःच्याच प्रतिसादातून होतो. सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांच्या वाणावर एलपीएसचा परिणाम होत नाही, ही जुनी नोंद होती. त्यामागील जनुक अमेरिकेतील ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये शोधले. ते टीएलआर-४ या ग्राही प्रथिनाचे जनुक निघाले आणि त्यात एकाच अमिनो आम्लाचा बदल झालेला होता. या कामासाठी बॉयटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

टीएलआर-४ एकटे काम करीत नाही. एमडी-२ हे छोटे प्रथिन त्याला जोडलेले असते आणि त्यात एक जलद्वेष्टी खोबण असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेतून असे दिसले की लिपिड ए च्या सहापैकी पाच साखळ्या या खोबणीत शिरतात. सहावी साखळी खोबणीच्या तोंडाशी राहून शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला चिकटते. दोन ग्राही असे जवळ आले की पेशीच्या आत संदेश जातो, दाहकारी प्रथिने तयार होतात आणि ताप येतो. मर्यादित प्रमाणात हा प्रतिसाद संरक्षक असतो. रक्तात जीवाणू मोठ्या संख्येने पसरले तर तोच अनावर होतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण सेप्टिक शॉकमध्ये जातो.

सहाव्या साखळीचे हे महत्त्व प्लेगच्या जीवाणूवरून चांगले समजते. १८९६ मध्ये मुंबईत थैमान घालणारा यर्सिनिया पेस्टिस पिसवेच्या शरीरातील कमी तापमानाला सहा साखळ्यांचा लिपिड ए बनवितो. माणसाच्या ३७ अंश तापमानाला मात्र तो मुख्यतः चार साखळ्यांचाच लिपिड ए बनवितो. चार साखळ्यांनी टीएलआर-४ नीट जागे होत नाही. शरीराला धोक्याची सूचना उशिरा मिळते आणि तोवर जीवाणू फोफावलेला असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या जीवाणूला ३७ अंशालाही सहा साखळ्यांचा लिपिड ए बनविणे भाग पाडले, तेव्हा उंदरांमध्ये त्याची रोगकारक शक्ती नाहीशी झाली.

याच ज्ञानाचा उपयोग लसींतही झाला. लिपिड ए चा एक फॉस्फेट व एक मेदसाखळी काढून टाकली की त्याचा विषारीपणा खूप कमी होतो, पण प्रतिकारशक्ती चेतविण्याचा गुण राहतो. मोनोफॉस्फोरिल लिपिड ए नावाचा हा पदार्थ गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील सर्व्हारिक्स आणि नागिणीवरील शिंग्रिक्स या लसींत साहाय्यक द्रव्य म्हणून वापरलेला आहे.

५. गाभा : असामान्य शर्करांचा दुवा

लिपिड ए ला लागून केडीओ नावाची आठ कार्बनी आम्लशर्करा असते. तिच्यापुढे सात कार्बनी हेप्टोज शर्करा आणि नंतर ग्लुकोज, गॅलॅक्टोज यांसारख्या परिचित शर्करा येतात. केडीओ व हेप्टोज मानवी पेशी तयार करीत नाहीत. त्यामुळे त्यांच्या निर्मितीचे मार्ग औषध संशोधकांना महत्त्वाचे वाटतात.

केडीओ आणि लिपिड ए यांमधील बंध सौम्य आम्लालाही टिकत नाही. एक टक्का अॅसेटिक आम्लात एलपीएस तापविले की लिपिड ए साक्याच्या रूपाने खाली बसतो आणि शर्करा द्रावणात राहतात. रेणूचे दोन भाग वेगवेगळे अभ्यासणे या एका कमकुवत दुव्यामुळेच शक्य झाले.

६. ओ-साखळी : जीवाणूची ओळखखूण

गाभ्यापुढील ओ-साखळी म्हणजे साधारणपणे दोन ते सहा शर्करांच्या एककाची पुनरावृत्ती होय. लिपिड ए बहुतेक संबंधित जीवाणूंत सारखाच असतो. ओ-साखळी मात्र प्रकारागणिक बदलते. ई. कोलायचे अशा बदलांवरून सुमारे १८० गट ओळखले जातात. 'ओ' हे नाव जर्मन भाषेतून आले आहे. प्रोटिअस जीवाणूचे चल प्रकार अगारवर काचेवरील वाफेसारखा पातळ थर पसरवितात, त्याला 'हाऊख', म्हणजे श्वासाची वाफ, म्हणत. असा थर न पसरविणारे ते 'ओने हाऊख', म्हणजे वाफेविना. पहिल्यावरून कशाभिकेचे एच-प्रतिजन आणि दुसऱ्यावरून पेशीपृष्ठाचे ओ-प्रतिजन ही नावे पडली. विडाल चाचणीतील 'टीएच' आणि 'टीओ' ही तीच.

साल्मोनेलाच्या ए, बी व डी या गटांत ओ-साखळीचा कणा मॅनोज, रॅम्नोज आणि गॅलॅक्टोज यांचाच असतो. फरक असतो तो मॅनोजवर बसलेल्या एका डायडीऑक्सी शर्करेचा. टायफॉइडच्या जीवाणूत ती टायवेलोज, पॅराटायफॉइड ए मध्ये पॅराटोज, तर टायफिम्युरियममध्ये अॅबेक्वोज असते. टायवेलोज व पॅराटोज यांत केवळ दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा फरक आहे. पॅराटोजचे टायवेलोजमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराचे जनुक पॅराटायफॉइड ए मध्ये उत्परिवर्तनाने निकामी झाले आहे, म्हणून तेथे पॅराटोजच राहते. सामायिक कण्यामुळे या तिन्ही गटांत '१२' क्रमांकाचे ओ-प्रतिजन समान असते. परिणामी दुसऱ्या साल्मोनेलाच्या संसर्गानंतरही 'टीओ' वाढलेला दिसू शकतो. त्यात टायफॉइड नेहमी आढळणाऱ्या प्रदेशात अनेकांच्या रक्तात जुनी प्रतिपिंडे असतातच. एकाच वेळच्या विडाल चाचणीवरून निदान करून प्रतिजैविके सुरू करणे योग्य नाही आणि रक्तसंवर्धन चाचणी अधिक विश्वसनीय आहे, असे सांगितले जाते त्यामागे हे रसायनशास्त्रही आहे.

कॉलऱ्याच्या ओ-१ गटाचे ओगावा व इनाबा हे दोन मुख्य प्रकार तर त्याहून सूक्ष्म फरकाचे आहेत. दोहोंची साखळी पेरोसामाइन या शर्करेची असते. ओगावामध्ये साखळीच्या शेवटच्या शर्करेवर एक मिथिल गट असतो, इनाबामध्ये तो नसतो. या एका मिथिल गटाची दखल लसनिर्मितीतही घ्यावी लागते. हैदराबादच्या भारत बायोटेकने २०२४ मध्ये आणलेल्या हिलकॉल या तोंडावाटे घ्यावयाच्या लसीत दोन्ही प्रतिजने धारण करणारा एकच जीवाणूवाण वापरला आहे. याउलट, १९९२ मध्ये चेन्नई परिसरातून पसरलेल्या ओ-१३९ गटाची ओ-शर्करा पूर्णपणे वेगळी होती. ओ-१ विरुद्धची प्रतिकारशक्ती तेथे उपयोगी पडली नाही आणि कॉलऱ्याच्या प्रदेशातील प्रौढ माणसेही मोठ्या संख्येने आजारी पडली.

७. कोलिस्टिन आणि फॉस्फेटचा भार

कोलिस्टिन हे पॉलिमिक्सिन वर्गातील प्रतिजैविक धनभारित पेप्टाइड आहे. ते लिपिड ए च्या फॉस्फेटांकडे ओढले जाते, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांना हुसकावते आणि पटल विस्कळीत करते. जीवाणूंनी यावर साधा रासायनिक उपाय शोधला आहे. फॉस्फेटवर फॉस्फोइथेनॉलामाइन किंवा अमिनो-अरॅबिनोज हा धनभारित गट जोडला की ऋण भार घटतो आणि कोलिस्टिनची पकड सुटते. असा गट जोडणाऱ्या विकराचे एमसीआर-१ हे जनुक प्लास्मिडवर असून ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे जगभर चिंता पसरली. कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच पार्श्वभूमीवर.

येथे प्रयोगशाळेच्या दृष्टीने एक सूचना आवश्यक आहे. कोलिस्टिनचा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही. म्हणून त्यासाठी चकती पद्धत विश्वसनीय नाही. द्रव माध्यमातील सूक्ष्मविरलन पद्धतच वापरावी लागते.

नवीन औषधांचा शोधही याच रेणूभोवती चालू आहे. पेशीच्या आत तयार झालेले एलपीएस बाह्यपटलापर्यंत पोहोचविणारी प्रथिनांची साखळी रोखणाऱ्या झोसुराबाल्पिन या द्रव्याची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ते मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या असिनेटोबॅक्टर जीवाणूविरुद्ध आहे.

८. अंतर्विषाची मोजणी

इंजेक्शनची औषधे पूर्वी सशांना टोचून ताप येतो का ते पाहिले जाई. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी नालखेकड्याचे निळे रक्त ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या संपर्कात गोठते हे नोंदविले. १९६४ मध्ये जॅक लेव्हिन व बँग यांनी त्याचे कारण अंतर्विष असल्याचे दाखविले. त्यावर आधारित चाचणी १९७० च्या दशकापासून रूढ झाली. इंजेक्शनसाठीच्या पाण्यात अंतर्विषाची मर्यादा दर मिलिलिटरला ०.२५ एककांची आहे. एक एकक म्हणजे ई. कोलायच्या अंतर्विषाचा सुमारे ०.१ नॅनोग्रॅम. इतक्या सूक्ष्म प्रमाणाला औषधशास्त्रात महत्त्व दिले जाते, यावरूनच या रेणूची तीव्रता लक्षात येते. नालखेकड्याच्या रक्तातील 'फॅक्टर सी' हे प्रथिन आता जनुकीय तंत्राने तयार करता येते आणि युरोपीय औषधकोशाने २०२१ पासून त्यावर आधारित चाचणीचा समावेश केला आहे. त्यामुळे या प्राण्यावरील भार कमी होण्याची आशा आहे.

९. अध्यापनासाठी काही मुद्दे

वर्गात हा विषय शिकविताना पुढील बाबी स्पष्ट करणे उपयुक्त ठरेल.

एक, विषारीपणा लिपिड ए मध्ये आणि प्रतिजनीय वेगळेपण ओ-साखळीत असते. या दोन गुणांची गल्लत होऊ देऊ नये.

दोन, एलपीएस केवळ जीवाणू मेल्यावरच सुटते असे नाही. जिवंत जीवाणूही बाह्यपटलाच्या सूक्ष्म पुटिकांतून ते बाहेर टाकतात.

तीन, प्रत्येक ग्रॅम-ऋण जीवाणूत तिन्ही भाग असतातच असे नाही. नायसेरियात ओ-साखळी नसते, तर उपदंशाच्या ट्रेपोनेमात एलपीएसच नसते.

चार, सर्व एलपीएस सारखेच घातक नसते. आपल्या आतड्यातील बॅक्टेरॉइडिस जीवाणूंच्या लिपिड ए मध्ये साखळ्या व फॉस्फेट कमी असल्याने त्यांची तीव्रता ई. कोलायच्या मानाने बरीच कमी असते.

पाच, जेलवर एलपीएस चालवून रजतरंजन केल्यास शिडीसारखे पट्टे दिसतात. ओ-साखळीतील एककांची संख्या रेणूगणिक निराळी असल्याने शिडीची एकेक पायरी तयार होते. 'पुनरावृत्त एकक' ही संकल्पना समजावण्यासाठी असे एक छायाचित्रही पुरेसे आहे.

समारोप

सहा मेदसाखळ्या, दोन फॉस्फेट, काही असामान्य शर्करा आणि एक पुनरावृत्त साखळी, एवढ्या घटकांतून हा रेणू उभा राहतो. त्यातील एक साखळी वजा झाली की शरीर जीवाणूला ओळखण्यात चुकते, एका हायड्रॉक्सिलची दिशा बदलली की प्रतिजन बदलते, आणि एका फॉस्फेटचा भार झाकला गेला की औषध निकामी होते. रचना व कार्य यांचा संबंध शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. या वर्गातून बाहेर पडणारे विद्यार्थी पुढे रक्ततपासणी केंद्रांत, औषध कारखान्यांत आणि रुग्णालयांत काम करणार आहेत. आकृतीतील प्रत्येक भागाला त्याचा परिणाम जोडून शिकविले, तर चार ओळींचे पाठांतर त्यांना तेथे उपयोगी पडणारे ज्ञान होईल.